ऑनलाइन मागवलेले स्वस्त मेकअप ब्रश: चेहऱ्याला लावण्याआधी कसे पारखायचे

तुळशीचं लग्न जवळ आलं की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या पार्लरमध्ये एकच गाऱ्हाणं दर दोन दिवसांनी ऐकू येतं. "ताई, सेट मागवला, फोटोत लई भारी दिसत होता. आता केस गळतंय बघा, आणि परत पण घेईनात." मी पहिलं विचारते, "धुतलास का?" उत्तर ठरलेलं. "होय, आल्या आल्या धुऊनच घेतला की."

तिथंच सगळं अडतं. ब्रशला पाणी लागलं की तो वापरलेला माल ठरतो आणि परतीचा रस्ता जवळजवळ बंद होतो. याच्या उलट चूक करणाऱ्याही आहेत. पिशवीतून काढला की थेट गालावर. दोन्हीकडे चुकतो तो क्रम.

300-400 रुपयांत 12 ब्रश मिळतात म्हणून ते सगळे टाकाऊ असं मी म्हणणार नाही. माझ्या हाताखालून असे बरेच सेट गेलेत, आणि बहुतेकांत पाच-सहा ब्रश रोजच्या कामाचे निघाले. पण ते पाच-सहा कुठले, हे लिस्टिंगवरचे (म्हणजे ॲपमधल्या मालाच्या पानावरचे) तारे बघून कळत नाही. ते हातानेच पारखावं लागतं. क्रम असा: आधी कोरडी तपासणी, मग ठेवायचं की परत करायचं हा निर्णय, मग पाणी, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी चेहरा. यातलं एकही पाऊल पुढे-मागे करू नका. सगळं मिळून आठवडाभर लागतो, पावसाळ्यात दहा दिवस धरा. म्हणून लग्न किंवा नवरात्रासाठी हवे असतील तर निदान महिनाभर आधी ऑर्डर द्या.

जवळ काय काय ठेवायचं

दोन पांढरे कोरे कागद, शाळेची पट्टी, पेन, पांढरा चिकट टेप, बेबी शाम्पू, चहाची गाळणी (ही नंतर चहाला परत वापरायची नाही), पांढरा वाडगा, जुना मऊ पंचा, काळ्या कापडाचा तुकडा. तुमच्याकडे आधीपासून असलेला, हाताला बसलेला एक चांगला ब्रशही बाजूला काढून ठेवा. तुलनेला तो लागणारच.

1. ऑर्डर देण्याआधी

फोटोत ब्रश नेहमी मोठा दिसतो. लिस्टिंगमध्ये लांबी सेंटिमीटरमध्ये दिली आहे का ते पाहा. पूर्ण मापाचा ब्रश साधारण 15 ते 18 सेंटिमीटर भरतो. माप दिलेलंच नसेल तर तो पर्समध्ये मावणारा छोटा सेट असण्याची शक्यता धरून चाला. त्यात पावडर ब्रशचं डोकं अंगठ्याएवढंच असतं, चेहरा व्हायला दुप्पट वेळ जातो.

केस कशाचे आहेत हेही वाचा. नायलॉन, टॅक्लॉन किंवा सिंथेटिक लिहिलं असेल तर ते कृत्रिम तंतू. फाउंडेशन, कन्सीलर अशा ओल्या मालाला हेच बरे, कारण ते पातळ द्रव फारसा शोषून घेत नाहीत. शेळी, घोडा किंवा खारीचे केस असतील तर त्यांच्यावर बारीक खवले असतात, त्यात कोरडी पावडर छान धरते. पण 30 रुपयांच्या ब्रशवर "नॅचरल हेअर" लिहिलेलं असेल तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. खरं काय ते शोधायची युक्ती पुढे पाचव्या पायरीत देते.

फोटोवाल्या प्रतिक्रियांमध्ये महिन्या-दोन महिन्यांनी लिहिलेल्या शोधा. "मस्त पॅकिंग, वेळेत आलं" यातून ब्रशबद्दल काहीच कळत नाही.

तपासा: पैसे भरण्याआधी परतीची अट उघडून वाचा. सौंदर्यप्रसाधनांच्या विभागात पुष्कळदा "फक्त बदलून मिळेल" किंवा "परत घेतलं जाणार नाही" असं बारीक अक्षरात असतं. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. मुदत सात दिवसांची आहे की दहा, ते कॅलेंडरवर लिहा. दिवस पार्सल आल्यापासून मोजले जातात, तुम्ही उघडल्यापासून नव्हे.

2. पार्सल उघडताना

मोबाइल कशाला तरी टेकवून उभा करा आणि सलग व्हिडिओ घ्या. आधी पत्त्याची चिठ्ठी, मग चिकटपट्टी कापताना, मग आतला माल. मध्ये थांबवून पुन्हा सुरू केलेला व्हिडिओ वादात टिकत नाही. ब्रश एकेक करून ओळीने मांडा, मोजा, लिस्टिंगच्या फोटोशी ताडून पाहा. वेष्टनावर उत्पादक किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि आयात माल असेल तर मूळ देश छापलेला असायला हवा. कोऱ्या पिशवीत आलेल्या मालाबद्दल पुढे भांडायचं झालं तर पकडायचं कुणाला हेच कळत नाही.

पिशवी, पुठ्ठा, ब्रशच्या डोक्यावरच्या प्लॅस्टिकच्या जाळ्या, काहीही फेकू नका. जाळ्या परतीला लागतात, आणि ब्रश ठेवलाच तर वाळवताना आकार धरायलाही.

3. कोरडी तपासणी

हा सगळ्यात महत्त्वाचा अर्धा तास. हात स्वच्छ धुवा, पूर्ण कोरडे करा, क्रीम लावलेलं नको. खिडकीजवळ बसा. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली हे काम करू नका, पातळ जागा दिसत नाहीत.

*वास.* ब्रश नाकाजवळ धरा. नव्या प्लॅस्टिकचा हलका वास उघड्यावर रात्रभर ठेवला की जातो. पण थिनर किंवा गोंदासारखा डोक्यात जाणारा वास असेल तर तो वास नळीच्या आतून येत असतो. रात्रभर उघडं ठेवूनही तसाच राहिला तर तो ब्रश परत.

*दांडी आणि नळी.* केस आणि दांडी यांना जोडणारी पत्र्याची नळी असते, धंद्यात तिला फेरूल म्हणतात. एका हातात ती घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने दांडी हलकेच पिळा. गरगर फिरली किंवा टक् असा आवाज आला तर गोंद सुटलेला आहे. चांगल्या ब्रशच्या नळीला दांडीच्या बाजूने एक-दोन गोल खाचा दाबलेल्या असतात. त्या खाचा दांडीला पकडून ठेवतात. खाचाच नसतील तर सगळी भिस्त गोंदावर, आणि स्वस्त गोंद धुण्याने लवकर सैल होतो. नळीच्या कडेवरून बोट नव्हे, नख फिरवा. नख अडकलं तर तिथे धार आहे, ती डोळ्याजवळ लागेल.

*केस गळणं.* इथे घाई करू नका. पांढऱ्या कागदावर ब्रश उलटा धरून दांडीला बोटाने वीस टिचक्या मारा. मग केस बोटांच्या चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढा, पाच वेळा, दर वेळी बाजू बदलून. कागदावर काय पडलं ते जवळून बघा. बारीक तुकडे पडले असतील तर ती कापणीची भुकटी, तिची काळजी नको. पूर्ण लांबीचा केस पडला असेल तर त्याचं खालचं टोक पाहा. टोकाला गोंदाचा कण चिकटलेला असेल तर केस गोंदासकट निघाला आहे आणि त्याच्या शेजारचेही निघणार. टोक साधं, स्वच्छ असेल तर तो केस मुळात गोंदात बसलाच नव्हता, भरताना सैल राहिला. असे सैल केस पहिल्या एक-दोन धुलाईत संपून जातात.

माझा हिशोब असा: मोठ्या पावडर ब्रशचे तीनपर्यंत सैल केस चालतात, डोळ्याच्या ब्रशचा एकही नाही. दोन केस एकत्र, झुपका होऊन निघाले तर मोजत बसायची गरजच नाही.

*टोचणं.* मनगटाच्या आतल्या बाजूला आधी ब्रश फिरवा आणि मग उभा धरून टिपा. पुष्कळ जणी फक्त फिरवून बघतात आणि "मऊ आहे" म्हणतात. फिरवताना केसांची कड लागते, टिपताना टोकं लागतात. टिपताना सुयांसारखं टोचलं तर टोकं बोथट कापलेली आहेत. चांगल्या केसाचं टोक निमुळतं असतं. बोथट टोक धुऊन, कंडिशनर लावून मऊ होत नाही. हे मी अनेक उपाय करून पाहिल्यावर सांगते आहे.

*पोकळ डोकं.* ब्रश खिडकीच्या उजेडासमोर धरून बाजूने आणि मग टोकाकडून बघा. स्वस्त सेटमध्ये कडेने दाट आणि मध्ये विरळ भरायची पद्धत सर्रास दिसते. तळहातावर दाबा, सोडा. केस लगेच पहिल्या आकारात आले पाहिजेत. फुलासारखे उघडून तसेच राहिले तर असा ब्रश फाउंडेशन पसरवतो, बसवत नाही.

शेवटी पट्टी लावून लांबी मोजा आणि लिस्टिंगमधल्या आकड्याशी ताडा. फरक असेल तर पट्टीसकट फोटो काढा.

सावधान: या पायरीत पावडर, क्रीम, पाणी, स्पिरिट काहीही लावायचं नाही. "जरासं लावून बघते" म्हणून डाग पडला की परतीचा हक्क तुम्ही स्वतःच्या हाताने सोडला.

प्रत्येक दांडीला टेपचा तुकडा लावून नंबर द्या आणि कागदावर नंबरासमोर निकाल लिहा. परत करताना टेप निघतो, दांडीवर पेनाने लिहिलेलं निघत नाही.

4. ठेवायचं की परत करायचं

हा निर्णय त्याच दिवशी घ्या, वासासाठी रात्रभर ठेवले असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी. 12 पैकी तुम्हाला खरंच लागणारे ब्रश किती पास झाले ते मोजा. सेटमध्ये ओठांचे, भुवयांचे, पंख्याच्या आकाराचे असे आकडा वाढवणारे ब्रश असतातच. मी पाचच बघते: फाउंडेशन, पावडर, ब्लश, आयशॅडो ब्लेंड करायचा गुबगुबीत ब्रश आणि सपाट आयशॅडो ब्रश. या पाचांतले तीन पास नसतील तर सेट परत.

परत करताना कारणात "आवडलं नाही" लिहू नका. "सदोष" किंवा "वर्णनाशी जुळत नाही" असं निवडा, अर्थात ते खरं असेल तरच, आणि कागदावर पडलेल्या केसांचा, पट्टीचा फोटो जोडा. हे शब्द महत्त्वाचे आहेत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 प्रमाणे माल सदोष असेल किंवा जाहिरातीत दाखवल्याप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. नुसतं मन बदललं असेल तर हा आधार मिळत नाही. तक्रार नोंदवल्यावर 48 तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण करणं कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचं काम आहे. ते झालं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. ऑर्डर नंबर आणि तक्रारीची पोच हाताशी ठेवूनच बोला.

350 रुपयांसाठी एवढं कशाला, असं पुष्कळ जणी म्हणतात. माझ्याकडे गडहिंग्लजहून, कागलहून मुली शिकायला येतात, बसभाड्याचे पैसे मोजून आणतात. त्यांच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही.

5. पहिली धुलाई

निर्णय "ठेवायचे" असा झाला, तरच पाणी.

पाणी कोमट घ्या. मनगटावर घेतलं तर ना गार वाटावं ना गरम. कढत पाण्याने नळीतला गोंद सैल होतो. ब्रश कायम केस खाली, दांडी वर असाच धरायचा. तोंड वर करून नळाखाली धरला की पाणी नळीत उतरतं, लाकडी दांडी फुगते, वाळल्यावर आक्रसते, आणि दोन-तीन धुण्यांत डोकं हातात येतं. ग्लासभर पाण्यात ब्रश उभे करून भिजत घालणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक, आणि तिचा परिणामही हाच.

तळहातावर वाटाण्याएवढा बेबी शाम्पू घ्या, ब्रशची टोकं त्यात हलकेच गोल फिरवा. मुळाशी बोटाने चोळू नका. भांड्यांचा साबण प्राण्यांच्या केसांतला तेलकटपणा काढून त्यांना राठ करतो. आणि कपड्यांचं सॉफ्टनर नकोच, त्याचा थर बसला की पावडर धरत नाही.

आता गाळणी पांढऱ्या वाडग्यावर ठेवा आणि ब्रश तिच्यावर धरून खळखळून धुवा. एकेक ब्रश स्वतंत्र. सगळे एकत्र धुतले तर कुणाचे केस गळले ते कळणार कसं? गाळणीत केस दिसतील, वाडग्यात रंग. काळ्या किंवा गुलाबी टोकांच्या ब्रशचं पहिलं पाणी किंचित रंगीत आलं तर दुसऱ्यांदा धुवा. तिसऱ्या पाण्यालाही रंग सुटत असेल तर तो ब्रश चेहऱ्यासाठी बाद. एका मुलीच्या सेटमधल्या ब्रशचं पाचवं पाणी निळसर काळं होतं, शाईची बाटली सांडल्यासारखं. तोच ब्रश ती पापणीवर वापरणार होती.

आपल्याकडे उपनगरांत बऱ्याच घरी बोअरचं पाणी आहे. जड पाण्यात शाम्पूला फेस कमी येतो आणि वाळल्यावर केस कडक वाटतात. मग दोष ब्रशला लागतो. शेवटचं एक पाणी फिल्टरचं किंवा पिण्याचं घ्या, एक तांब्या पुरतं.

पंच्यात केस धरून दाबून पाणी टिपा. पिळू नका, ओढू नका. बोटांनी आकार द्या आणि प्लॅस्टिकची जाळी खालून वर सरकवा.

*केस खरा की कृत्रिम.* गाळणीत सापडलेला एक केस पूर्ण वाळवा आणि चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर काडीने पेटवा. कृत्रिम तंतू आक्रसतो, वितळतो, गार झाल्यावर टोकाला कडक मणी होतो, वास प्लॅस्टिकचा येतो. प्राण्याचा केस जळताना आपला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते. माझ्या जैन मैत्रिणींना प्राण्यांच्या केसांचा ब्रश घरात नको असतो. त्यांना मी हे आवर्जून दाखवते, कारण पाकिटावर लिहिलेलं आणि आत असलेलं दर वेळी एक नसतं. हे ओट्यावर करा, पंखा बंद, ओढणी आवरलेली, मुलं लांब.

6. वाळवणं

टेबलाच्या कडेवर ब्रश आडवे ठेवा, डोकी कडेबाहेर, जरा खाली झुकलेली. दांड्यांवर एखादं पुस्तक ठेवलं की पडत नाहीत. वरून पंखा. कडक ऊन नको, गरम ड्रायर नको. ग्लासात तोंड वर करून उभे केले तर आतलं पाणी पुन्हा नळीतच उतरतं, म्हणजे धुताना घेतलेली सगळी काळजी वाया.

उन्हाळ्यात आमच्याकडे लहान ब्रश रात्रभरात वाळतात. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात कपडे जिथे दोन-दोन दिवस वाळत नाहीत तिथे दाट फाउंडेशन ब्रशला दोन पूर्ण दिवस द्या. घाईने पिशवीत घातलेल्या ओलसर ब्रशला चार दिवसांत कुबट वास येतो आणि मुळाशी काळे ठिपके दिसायला लागतात. ठिपके दिसले की ब्रश टाकून द्यायचा. धुऊन वापरायचा विचारही नको.

तपासा: टोकं कोरडी लागतात म्हणून फसू नका. केस बोटांनी बाजूला करून मुळाचा भाग वरच्या ओठावर टेकवा. गार वाटलं तर आत ओल आहे. ओठाला जे कळतं ते बोटाला कळत नाही.

वाळल्यावर कोरडी तपासणी पुन्हा करा, पण आता फक्त दांडी पिळणं आणि केस ओढणं. धुण्याआधी पास झालेला ब्रश इथे नापास होऊ शकतो.

7. रंगाची चाचणी

चेहरा अजून लांब आहे. हात पुढे करा. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी डावा हात. आणि प्रत्येक चाचणीत जुना ओळखीचा ब्रश शेजारी हवाच. नुसता नवा ब्रश लावून "बरा वाटतोय" म्हणणं म्हणजे पारखणं नव्हे.

फाउंडेशनसाठी हाताच्या मागच्या बाजूला सारखे दोन थेंब घ्या. एक जुन्या ब्रशने, एक नव्याने पसरवा. दहा मिनिटं थांबा, मग गॅलरीत उजेडात बघा. नव्याच्या बाजूला रेषा दिसतात का? रंग फिका पडला असेल तर ब्रशने माल पिऊन टाकला. स्वस्त ब्रश घेऊन महागडं फाउंडेशन जास्त संपवलं तर बचत कसली. आणि तिथे केस चिकटला आहे का, हे तिरकं धरून पाहा.

हे केस प्रकरण मी का लावून धरते ते सांगते. काही वर्षांपूर्वी नव्या सेटमधला काळ्या केसांचा फाउंडेशन ब्रश मी न पारखता किटमध्ये टाकला आणि शहराबाहेरच्या एका कार्यालयात नवरीच्या मेकअपला गेले. पहाटेचे पाच, एकच पिवळा दिवा. नाकाच्या कडेला ओल्या फाउंडेशनमध्ये एक केस रुतून बसला. चिमट्याने उचलला तर त्याच्या लांबीची बारीक चीर उमटली. ती बुजवताना दुसरा केस पडला, मग हनुवटीजवळ तिसरा. नवरीची आई दारात दोनदा येऊन गेली. काही बोलली नाही, नुसती घड्याळाकडे बघून गेली. मी तो गाल पूर्ण पुसून पहिल्यापासून केला. मुहूर्त साधला, पण त्या मुलीचे हात गार पडले होते आणि तिला तसं बसवून ठेवायला कारण मी होते. त्या दिवसापासून या सगळ्या पायऱ्या पूर्ण न केलेला ब्रश माझ्या किटमध्ये जात नाही.

पावडर ब्रश फेस पावडरीत एकदाच बुडवा, काळ्या कापडावर धरून दांडीला एक टिचकी द्या. थोडी भुकटी पडणं ठीक. बुडवलेली सगळीच कापडावर आली तर केस पावडर धरत नाहीत. उलट, हातावर चार वेळा फिरवूनही पावडर उतरत नसेल तर ती मधल्या पोकळीत जाऊन बसली आहे.

ब्लेंडिंग ब्रशला वेळ द्या, कारण डोळ्याचं काम यावरच उभं असतं. कोपराच्या आतल्या बाजूला गडद तपकिरी आणि फिका पीच रंग शेजारी-शेजारी लावा आणि मधली सीमा ब्रशने खिडकीची काच पुसल्यासारखी पुढे-मागे करा. पंधरा हेलकाव्यांत कड विरली पाहिजे. कड हलते पण विरत नाही, असं झालं तर केस फार ताठ आहेत. दोन्ही रंग मिळून मातकट झाले तर डोकं फार मोठं आहे, ते पापणीच्या खळगीत मावणारच नाही.

लायनरचा ब्रश जेल काजळात बुडवून मनगटावर एक रेघ ओढा. एकीच्या दोन रेघा झाल्या तर टोक फाटलेलं आहे. बाकी लिपब्रश वगैरे एकदा लावून बघा, त्यात फारसं काही नाही.

8. त्वचेवर

रंग लागलेले ब्रश पुन्हा धुऊन पूर्ण वाळवा. मग स्वच्छ, कोरडा ब्रश कोपराच्या आत किंवा कानामागे दहा-पंधरा वेळा फिरवा. दिवसातून एकदा, तीन दिवस. लाली, खाज, बारीक पुरळ आलं तर थांबा. कधी केसांचा रंग बाधतो, कधी नळीवरचा निकेलचा मुलामा. नकली कानातल्यांनी ज्यांचे कान चिडतात त्यांनी नळी त्वचेला टेकवून एक दिवस वेगळं बघावं.

तीन दिवस काही झालं नाही तर घरी असताना स्वतःच्या चेहऱ्यावर पूर्ण मेकअप करा, कुठेही जायचं नसताना. संध्याकाळी धुऊन टाकल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाल बघा. मगच दुसऱ्या कुणाचा चेहरा.

सावधान: चेहऱ्यावर मुरमं पिकलेली असतील किंवा डोळे आलेले असतील तर चाचणी पुढे ढकला. पुरळ ब्रशमुळे आलं की आधीचंच, हे ओळखता येणार नाही.

9. पास झालेल्यांची नोंद

आता पास आणि नापास असे दोन ढीग होतील. माझा अनुभव असा की स्वस्त सेटमधले डोळ्यांचे छोटे सिंथेटिक ब्रश बहुधा टिकतात आणि मोठा पावडर ब्रश बहुधा नापास होतो, कारण त्याला केस जास्त लागतात आणि काटकसर तिथेच केलेली असते. म्हणून पावडर ब्रश एकटा वेगळा घ्या, आणि तो महाद्वार रोडवर किंवा कुठल्याही दुकानात हातात धरून, मनगटावर टिपून घ्या. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

घरच्या वापराचे ब्रश सात ते दहा दिवसांतून एकदा धुवावेत, असं अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संघटना सांगते. पार्लरमध्ये मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला धुतलेला ब्रश, विशेषतः पावसाळ्यात डोळ्यांची साथ असते तेव्हा. धुऊन वाळलेल्या डोक्यावर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून पूर्ण उडू द्या, देवघरातल्या दिव्यापासून आणि गॅसपासून लांब. दांडीवर फवारू नका, स्वस्त दांडीचा रंग सुटून हाताला लागतो. आणि नुसतं स्पिरिट म्हणजे धुणं नव्हे. जुना मेकअप त्याने केसांतच राहतो.

पहिल्या चार धुलाया गाळणीवरच करा. दांडीवरच्या टेपवर गळलेल्या केसांचा आकडा लिहीत जा. माझ्या आत्ताच्या ब्लश ब्रशवर 4, 2, 0, 0 असं आहे. तसा आकडा उतरत गेला तर तो ब्रश किटमध्ये घाला. 2, 2, 3 असा चालू राहिला तर तिसऱ्या धुलाईलाच काढा आणि शिलाई मशीनच्या बॉबिनखालचा कोंडा झाडायला ठेवा.